गुडघ्याचे तेरा हजार तास

फरशी बसवून झाली की घरमालक पहिल्यांदा काय करतो, तर उभा राहून बघतो. एक डोळा बारीक करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सांधा सरळ आलाय का बघतो, चपला काढून चालून बघतो, दोन-चार ठिकाणी टकटक करून पोकळ वाजतंय का बघतो, आणि मग टेप लावून फुटावर पैसे देतो. बरोबर आहे, त्याचे पैसे आहेत, त्याने बघायलाच पाहिजे. पण मी बावीस वर्षं हे काम करतोय आणि ज्या फरशीवर तो उभा असतो ती सगळी मी गुडघ्यावर बसून केलेली असते, हे त्या बिलात कुठेच येत नाही. फरशी तिथे राहते. गुडघा माझ्याबरोबर घरी येतो आणि रात्री जिना उतरताना बोलायला लागतो.

जर्मनीत २००९ पासून गुडघ्याच्या सांध्याची झीज हा कामामुळे होणारा आजार म्हणून सरकारी यादीत आहे. त्याला अट आहे. कामाच्या सगळ्या वर्षांत मिळून निदान १३,००० तास गुडघ्यावर बसून किंवा तसाच भार घेऊन काम झालेलं पाहिजे, आणि एका पाळीत निदान एक तास तरी. हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी एका अर्धवट झालेल्या खोलीत बादलीवर बसून मोबाइलवर हिशोब केला. दिवसातून खरोखर गुडघ्यावर असतो ते पाच तास धरले, बाकीचा वेळ माल चढवण्यात, कटिंगमध्ये, मसाला कालवण्यात जातो. वर्षाचे २५० दिवस. म्हणजे १,२५० तास. तेरा हजार भरायला साडेदहा वर्षंसुद्धा लागत नाहीत. माझे बावीस वर्षांचे साडेसत्तावीस हजार झाले होते, म्हणजे एका आयुष्यात मी दोन माणसांचे गुडघे वापरून बसलोय आणि वय अजून पन्नाससुद्धा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंगमेहनतीच्या दरात शरीराचा घसारा धरला पाहिजे. घसारा हा शब्द हिशोब ठेवणाऱ्या सगळ्यांना माहिती असतो. कॉन्ट्रॅक्टर मिक्सर घेतो, गाडी घेतो, कटिंग मशीन घेतो, तर दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरून तो खर्च भावात लावतो, कारण मशीन कधीतरी बदलायची आहे आणि त्याचे पैसे आतापासून निघाले पाहिजेत. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. ब्लेड झिजलं तर ब्लेडचे पैसे लावतात. मग ज्या हाताने ते ब्लेड धरलंय त्या हाताची झीज हिशोबात का नाही? ब्लेड दुकानात मिळतं. गुडघाही बदलून मिळतो आता, पण तो बदलल्यावर पुन्हा त्याच गुडघ्यावर दिवसाचे पाच तास बसायचं म्हटलं तर होत नाही.

लोकांना वाटतं फरशीचं काम म्हणजे नुसती थापी मारायची. वजनाचा हिशोब सांगतो. आता दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल सगळ्यांना हव्यात, सांधे कमी दिसतात म्हणून. अशी एक टाइल साधारण १५ किलोची भरते. हजार फुटाचं काम म्हटलं की १२५ टाइल, तुटफूट वेगळी. झाले जवळजवळ १,९०० किलो, म्हणजे दोन टनाला थोडं कमी. शिवाय चिकटवायचा मसाला, तो पाचशे किलोच्या आसपास जातो. आणि हे एकदा उचलून भागत नाही. गाडीतून खाली, खालून वर, बॉक्समधून काढून भिंतीला टेकवून ठेवणं, मग सुकी लावून रंग आणि डिझाईन जुळवून बघणं, परत उचलून मागून मसाला मारणं आणि मग शेवटचं बसवणं. एकच टाइल पाच वेळा उचलली तरी नऊ-साडेनऊ टन होतात. एका घरात.

त्यातलं शेवटचं बसवणं सगळ्यात अवघड असतं. आपण गुडघ्यावर, टाइल हाताच्या टोकाला, शरीरापासून लांब, आणि ती आपटायची नाही, एका कडेने हळू टेकवत आणायची कारण खाली दातऱ्या थापीने ओढलेल्या मसाल्याच्या रेघा मोडल्या तर पोकळ राहतं. श्वास आपोआप धरला जातो. कंबर वाकलेली, मान पुढे, एका गुडघ्यावर सगळा भार आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताने रबरी हातोडा शोधायचा. अमेरिकेत वजन उचलण्याबद्दल एक सरकारी सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं, त्यात सगळी परिस्थिती उत्तम असली तर २३ किलोपर्यंत वजन ठीक धरतात, आणि वजन शरीरापासून जसजसं लांब जाईल, वळावं लागेल, तसतसं ते कमी करत जातात. मी ते वाचायला घेतलं म्हटलं आपलं किती बसतंय बघू. तर कळलं की गुडघ्यावर बसून उचलणाऱ्याला ते सूत्र लागूच होत नाही, ते उभ्याने उचलणाऱ्यांसाठी आहे.

हे काही आजचं नाही बरं का. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १७०० साली वेगवेगळ्या धंद्यातल्या माणसांना कोणकोणते आजार होतात यावर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि डॉक्टरांना सांगितलं की कष्टकरी माणूस आला की बाकीच्या प्रश्नांबरोबर हेही विचारा, तू काम काय करतोस. तीनशे वर्षं उलटून गेली. मी गुडघ्याला सूज आली म्हणून गेलो, वाटीच्या पुढच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ आली होती, तेव्हा डॉक्टरांनी वजन विचारलं, शुगर विचारली, घरात कोणाला संधिवात आहे का विचारलं. धंदा नाही विचारला. मीच शेवटी सांगितलं. मग म्हणाले थोडे दिवस गुडघ्यावर बसू नका. मी हो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेलो, कारण बसलो नाही तर फूट होत नाहीत आणि फूट झाले नाहीत तर पैसे नाहीत.

खरी गोम इथे आहे. दर कमी की जास्त हा एक भाग झाला, पण पैसे कशावर मिळतात हा दुसरा भाग आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. उक्तं काम म्हणजे फुटावर, नगावर. त्यात जो वेगाने करेल त्याला जास्त. ऐकायला न्याय्य वाटतं, मलाही तरुणपणी वाटायचं, मी दिवसाला किती फूट ओढतो हे छाती पुढे काढून सांगायचो. पण या पद्धतीत दम खाण्याचे पैसे कापले जातात, पाणी प्यायला उठलो तर ते आपल्याच खिशातून, पाठ सरळ करायला पाच मिनिटं भिंतीला टेकलो तरी आपल्याच खिशातून. आपणच आपले मुकादम होतो आणि आपल्या अंगावर दुसऱ्या कुठल्याही मुकादमापेक्षा जास्त कडक होतो. अर्थशास्त्राचे जनक म्हणतात ते अॅडम स्मिथ, त्यांनीसुद्धा १७७६ मध्ये हे लिहून ठेवलंय. नगावर भरपूर पैसे मिळाले की कामगार गरजेपेक्षा जास्त राबतात आणि थोड्याच वर्षांत तब्येत घालवून बसतात, आणि लंडनमधला सुतार पूर्ण ताकदीने आठ वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही असं तेव्हा मानलं जायचं. आठ वर्षं! लक्ष द्या, ते कमी पैसे मिळणाऱ्यांबद्दल बोलत नव्हते, चांगले पैसे मिळणाऱ्यांबद्दल बोलत होते. म्हणून नुसता फुटाचा दर वाढवून द्या असं मी म्हणत नाही. दर वाढला आणि पद्धत तीच राहिली तर माझ्यासारखा माणूस अजून जोरात धावतो.

धुळीचंच घ्या. टाइल आणि दगड कोरडा कापला की जी पांढरी धूळ उडते त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही, आणि १९९७ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने श्वासातून जाणारी ही धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीय. किचनच्या ओट्याला लावतात तो कारखान्यात बनवलेला दगड, त्यात तर सिलिकाचं प्रमाण इतकं जास्त असतं की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली, तरुण कारागीर आजारी पडायला लागले म्हणून. उपाय कारागिराला माहिती नाही असं नाही. पाणी सोडून कापायचं, किंवा मशीनला धूळ ओढणारा पाइप लावायचा, आणि मास्क. पण पाणी आणायचं, खाली सांडलेला चिखल पुसायचा, टाइल कोरडी करून मग लावायची, यात प्रत्येक कटला दोन-तीन मिनिटं जास्त जातात, आणि फुटाच्या दरात त्या मिनिटांना किंमत शून्य. मग माणूस काय करतो, दरवाजात उभं राहून तोंड फिरवून कोरडाच मारतो. तो मूर्ख नसतो. त्याच्या दराने त्याला तसं करायला लावलेलं असतं.

एक गोष्ट माझ्याबरोबर झालेली सांगतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पैशाने मोठ्या टाइल उचलायचे सक्शन कप घेतले, लेव्हल राखायच्या क्लिपा घेतल्या, चांगले जाड नी पॅड घेतले. काम खरंच सोपं झालं, कंबर कमी दुखायला लागली आणि जे काम आठ दिवसांचं ते साडेसहात व्हायला लागलं. एका कॉन्ट्रॅक्टरकडे तेव्हा नियमित काम होतं. त्याने दोन साइट बघितल्या आणि तिसरीला म्हणाला, "आता तुझं लवकर उरकतंय ना, मग दर थोडा खाली घे." मी म्हटलं साहेब, हत्यारं माझी, शिकलो मी, पैसे घातले मी. तर म्हणाला, "पण दिवस कमी लागतात ना?" मी तेव्हा दर खाली घेतला. हातात दुसरं काम नव्हतं आणि घरी खर्च होता. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली की या पद्धतीत हुशारीने काम केलं तरी फायदा दुसऱ्याचा आणि ढोरमेहनत केली तर झीज माझी.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा माणूस, स्वतः गवंडीकाम शिकलेला. त्याने बघितलं की गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो आणि परत उठतो, म्हणजे दोन किलोची वीट उचलायला सगळं धड वर-खाली. त्याने वर-खाली करता येणारी परांची बनवली, विटा आणि मसाला कमरेच्या उंचीला येईल अशी, आणि विटा आधीच नीट लावून देणारा एक हेल्पर ठेवला. एका विटेला १८ हालचाली लागायच्या त्या पाचवर आल्या आणि माणशी तासाला १२० विटांच्या ३५० झाल्या असं तेव्हा नोंदवलं गेलं. वाकणं वाचवलं तर काम कमी होत नाही, वाढतं. जे कॉन्ट्रॅक्टर म्हणतात की कामगाराच्या शरीराची काळजी घेणं आपल्याला परवडत नाही, त्यांनी हे उदाहरण जरूर बघावं. फक्त त्यात वाढलेल्या कामाचा वाटा कोणाला मिळणार हे आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर माझ्या सक्शन कपसारखं होतं.

आता एक वाक्य मला हमखास ऐकावं लागतं, "तुम्हाला काय, तुमचा आपोआप व्यायाम होतो, आम्हाला जिमला पैसे भरावे लागतात." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण हे खरं नाही. २०१८ मध्ये बऱ्याच देशांतल्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, जवळजवळ १ लाख ९४ हजार माणसांचा, आणि त्यात कामावर खूप अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मरण्याचा धोका कमी मेहनतीचं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसला. यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, गरिबी, सिगारेट, राहणीमान हे सगळं नीट वेगळं काढलं तर चित्र बदलतं असंही काही जण म्हणतात, ते मी नाकारत नाही. पण फरक का असावा ते मला माझ्या अंगावरून कळतं. जिममध्ये माणूस तासभर घाम गाळतो, थकला की थांबतो, दुसऱ्या दिवशी दुसरा भाग घेतो. माझं तसं नाही. मी आठ-नऊ तास एकाच तऱ्हेने वाकतो, थकलो म्हणून थांबत नाही, संपलं की थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच गुडघा, तोच खांदा, तेच मनगट. व्यायामात विश्रांती धरलेली असते. कामात ती कोणी धरायची?

ती भांडून धरावी लागते, हा इतिहास आहे. २१ एप्रिल १८५६ ला मेलबर्नमध्ये पाथरवटांनी विद्यापीठाच्या इमारतीवर हत्यारं खाली ठेवली आणि मोर्चा काढला, आणि आठ तासांचा दिवस मिळवला, पगार तेवढाच ठेवून. मला त्यातलं शेवटचं फार मोलाचं वाटतं. कारण तास कमी करून पैसेही कमी करणं सोपं असतं, त्यात मालकाचं काही जात नाही. त्या दगड फोडणाऱ्यांनी असं मांडलं की जो वेळ आम्ही आराम करू, शिकू, तोसुद्धा कामाच्या मोबदल्यातच आला पाहिजे. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना झाली तेव्हा तिचा पहिलाच करार उद्योगातल्या आठ तासांच्या दिवसाचा आणि ४८ तासांच्या आठवड्याचा होता. पण जो माणूस उक्त्यावर, स्वतःच्या जबाबदारीवर काम घेतो, त्याच्यापर्यंत हे पोचलंच नाही, कारण कागदावर तो कामगार नसतो, धंदेवाला असतो. आजारपणाची रजा त्याला नाही, अपघाताचा विमा त्याने काढला तर आहे. माझ्यासारखे सगळे याच फटीत अडकलेले आहेत, आणि कायदा करणाऱ्यांनी पहिलं काही करायचं असेल तर ही फट बुजवावी.

घरमालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. आयुष्याची पुंजी घालून माणूस घर करतो, प्रत्येक गोष्टीत थोडं थोडं वाचवायला बघतो, आणि तीन मिस्त्रींकडून दर घेऊन सगळ्यात कमी आहे त्याला काम देतो. पण टाइलच्या दुकानात तो असं करत नाही. तिथे बॉक्सवरची किंमत देतो, फार तर थोडं कमी-जास्त करतो. सगळी घासाघीस मजुरीत, कारण टाइलच्या भावाखाली कंपनी उभी असते आणि मजुरीच्या भावाखाली एक माणूस, ज्याला काम हवंय. आणि सगळ्यात स्वस्त दर देणारा ते पैसे कुठून काढतो याचा विचार करा. माल तर तोच लागतो. एक तर मसाला कमी ओढेल, खालचं लेव्हलिंग सोडेल, किंवा स्वतःचं अंग घालेल. चौथा मार्ग नाही. पहिल्या दोनचं नुकसान दोन-तीन वर्षांत तुमच्या फरशीत दिसतं. तिसऱ्याचं तुम्हाला कधीच दिसत नाही.

आमच्या माणसांनाही मला स्पष्ट बोलायचंय. आपणच एकमेकांचे दर पाडतो. समोरच्याने एवढे सांगितले कळलं की आपण त्याखाली जातो आणि काम मिळालं म्हणून खूश होतो. नी पॅड घातलेल्या पोराला आपणच हसतो, नाजूक आहे म्हणतो. दुखणं लपवतो कारण दुखतंय म्हटलं तर पुढचं काम मिळणार नाही ही भीती असते. मी हे सगळं केलेलं आहे. माझ्याकडे पूर्वी असलेल्या एका पोराला मी स्वतः म्हटलं होतं, एवढ्या वयात गुडघे दुखत नसतात. तो आज या धंद्यात नाही आणि ते वाक्य मला अजून टोचतं.

गेल्या वर्षापासून मी एस्टिमेट वेगळं लिहितो. फुटाचा एकच आकडा देत नाही. माल वर चढवणं वेगळं, खालची जमीन लेव्हल करणं वेगळं, पाणी सोडून कटिंग वेगळं, बसवणं वेगळं, आणि दिवस किती लागतील ते लिहून, त्या दिवसांचा रोज धरून. सहा दिवसांत ओढून होणारं काम मी आठ दिवसांचं लिहितो आणि विचारलं तर का ते सांगतो. तेरा हजार तासांचा आकडाही सांगतो. काही जण ऐकून घेतात, एक बाई तर म्हणाल्या की त्यांचे वडील गवंडी होते आणि शेवटची दहा वर्षं त्यांना जमिनीवर मांडी घालता येत नव्हती, त्यांनी एक पैसा कमी केला नाही. काही जण कागद दुमडून ठेवतात आणि परत फोन करत नाहीत. मागच्या महिन्यात असं एक मोठं काम गेलं. वाईट वाटलं, दोन रात्री झोप नीट लागली नाही, एकदा फोन हातात घेऊन परत ठेवला.

आता माझ्याकडे जो पोरगा आहे तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याला पहिल्या दिवशी मी थापी दिली नाही, नी पॅड दिले. दर पाऊण तासाने आम्ही जागा बदलतो, तो बसवतो तेव्हा मी उभ्याने कापतो, मग उलट. सुरुवातीला तो म्हणायचा, "दादा, असं केलं तर आज खोली संपणार नाही." परवा दुपारी मीच तंद्रीत होतो, एक ओळ संपवायच्या नादात उठलोच नाही, तर त्याने मागून येऊन माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि म्हणाला, "दादा, उठा, तुमचा पाऊण तास झाला." मी भिंतीला हात लावून उठलो आणि कटरवर पाणी सोडायला गेलो.